मीटरच्या दिव्याला अर्थ मिळेना

आमच्या घरात डोळ्यांची गोष्ट कुणी हसण्यावारी नेत नसे. माझे सासरे, बहिरूमामंजी, चाळिशीच्या आसपास आंधळे झाले. आधी दिवेलागणीला ठेचकाळायला लागले, मग ताटातली भाकरी चाचपायला लागले, आणि एक दिवस ओट्यावर बसले ते तिथलेच झाले. सुरुवातीला म्हणे कधी दिसायचं, कधी नाही. त्यांना खाचरावर न्यायचं-आणायचं काम थोरल्या पोराचं. काठीचं एक टोक बापाच्या हातात, दुसरं लेकाच्या. असा बांधाबांधानं पुढं चालत तो पोर मोठा झाला. तोच माझा थोरला दीर, जयसिंगभावजी. त्यांची गोष्ट सांगायची तर ती काठीपासूनच सांगावी लागते, नाहीतर पुढं ते एवढे का घाबरले ते कुणाला कळायचं नाही.

मी लग्न होऊन पौडजवळच्या त्या घरात आले तेव्हा भावजी हैबतरावांची बैलगाडी हाकत. हैबतराव म्हणजे आमच्याकडचे मोठे खातेदार. त्यांनी पुण्यातून एक जुनी मोटार घेतली. लांबलचक, नाक पुढं काढलेली, दारं लावताना दोनदा आपटावी लागत. घेतली खरी, पण हाकणार कोण? भावजींना त्यांनी पुण्याला एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात धाडलं. तिथं भावजींनी आधी नुसते काळे हात करून घेतले, मग हळूहळू गाडीचं पोट कळायला लागलं, आणि परवाना काढून खाकी पाटलोण घालून परत आले. आमच्या घरातली ती पहिली पाटलोण. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, सगुणाबाई, त्या पाटलोणीकडं बघून म्हणाल्या, "ह्याला नाडी कुटं हाय?"

त्या गाडीनं हैबतराव पुण्याला जात, आणि इतर वेळी ती भाड्यानं फिरे. वऱ्हाड न्यायचं, आजारी माणूस न्यायचं. भावजी गाडीशी बैलासारखे बोलत. चढ आला की पुटपुटायचे, "व्हय व्हय, आलं आता, आलं." गाडी थांबली की तिच्या नाकावरून हात फिरवायचे. घरी बायकोशी एवढं बोलत नसत, असं माझी थोरली जाऊ रत्नाबाई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

माझ्याशी तर ते मुळीच बोलत नसत, मीही बोलत नसे. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. मी भाकरी घेऊन उभी असायचे, भावजी पुढ्यात बसलेले असायचे, आणि मी म्हणायचे, "आत्याबाई, भाकरी वाढू का इचारा." आत्याबाई विचारायच्या, "जयशिंगा, भाकरी वाढू का?" भावजी त्यांना सांगायचे, "अर्धी." आणि मग मी अर्धी वाढायचे. तिघांनाही तिघांचं ऐकू यायचं. पण रीत म्हणजे रीत. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी मी एक शब्दसुद्धा थेट बोलले नव्हते.

पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याला हैबतरावांनी गाडी पूजायची म्हणून धुवून पुसून घेतली. मग त्यांच्या मनात आलं, बेंदराला बैलांची शिंगं रंगवतो, तर हिची का नको? हिला शिंगं नाहीत ही एक अडचण. तेव्हा त्यांनी चाकासमोरचा पत्रा रंगवायचं ठरवलं. त्याला डॅशबोर्ड म्हणतात हे मला नातवानं सांगितलं. आम्ही मीटरचा पत्रा म्हणायचो. वेग दाखवणारा एक गोल, पाण्याची गरमी दाखवणारा एक, बॅटरीचा एक. मागं बारीक बल्ब, म्हणजे अंधारात काटे दिसावेत. भावजींनी ते सगळं सोडवून पत्रा मोकळा करून दिला आणि हैबतरावांनी घराच्या दारांचा उरलेला निळा तेलरंग त्याला दोन हात, पुढून मागून, दिला. वाळल्यावर भावजींनी सगळं परत जागच्या जागी बसवलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. गाडी नवरीसारखी दिसत होती, असं हैबतराव सगळ्यांना सांगत फिरले.

दिवाळी झाली, दिवस लहान झाले, आणि मीटरचे दिवे त्रास द्यायला लागले.

गोठ्याशेजारी गाडी उभी असायची. माझ्या चुलीपुढच्या दारातून ती दिसे. भावजी पत्र्याखाली डोकं घालून पाठीवर पडलेले, पाय बाहेर. आधी त्यांनी बल्ब काढले आणि दोन तारांनी बॅटरीला लावून बघितले. झक्क लागले. मग फ्यूज बघितला. तोही चांगला. मागचा लाल दिवा त्याच वाटेवरचा, तो जळत होता, म्हणजे वाटेत तार तुटलेली नाही. खटका घासला, तारांची टोकं घासली. एक एक गोष्ट करायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन परत आले की तोंड उतरलेलं. पुन्हा पत्र्याखाली. मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. पण आपली बाई जशी दूध का नासलं म्हणून आधी भांडं बघते, मग फडकं बघते, मग गवळ्यावर संशय घेते, तसं ते करत होते एवढं कळे. आणि ज्याचं सगळं बघून झालं आणि काहीच नासकं सापडलं नाही, तो शेवटी कुणावर संशय घेणार?

एक दिवस नदीवर धुणं धुताना रत्नाबाई पिळा हातात घेऊन तशीच बसली. मी म्हटलं, काय झालं. तर रडायलाच लागली. तिनं सांगितलं ते असं. ह्यांनी सगळं तपासलंय. गोठ्याजवळ उभी गाडी, पत्र्याला हात टेकून वाकून बघितलं की दिवा लागलेला दिसतो. गाडी रस्त्याला लागली, चाकावर हात ठेवून बसले, की दिसेनासा होतो. मधेच दिसतो, पुन्हा जातो. दिव्यात खोट नाही, तर खोट कुठं? काल रात्री चिमणीपाशी सुई-दोरा घेऊन बसले होते, नाकापर्यंत सुई नेली, लांब धरली, पण दोरा काही जाईना. मग सुई ठेवली आणि म्हणाले, आबाचं, म्हणजे आपल्या मामंजींचं, असंच सुरू झालं होतं. कधी दिसायचं, कधी नाही. आता सोमवारी, पौडच्या बाजाराच्या दिवशी, गाडी सोडणार. माणसं बसवून आंधळ्यानं गाडी हाकायची म्हणजे पाप. आणि कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातलीय.

"आन तू मला सांगत्येस," मी म्हटलं.

"तू कुणाला सांगणार? तू तर त्यांच्याशी बोलत बी न्हाईस."

तेही खरंच. मी पिळे वाळत घातले. भावजी ओट्यावर बसले की त्या घराचं काय होणार हे दोघींना दिसत होतं. माझे मालक, भावजींचे धाकटे भाऊ, खाचरं बघायचे, त्यात खायच्या भाताचं भागे, वरची मीठमिरची भावजींच्या चाकावर चाले. पण त्याहून मला दिसत होती ती काठी. भावजींचा थोरला तेव्हा काठी धरण्याच्याच वयाचा होता.

आता आत्याबाईंचं सांगते. त्यांचं मला एक ठाऊक होतं, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते. तांदूळ निवडायला त्या सूप घेऊन बसायच्या, बोटं चालायची, तोंड चालायचं, आणि निवडलेल्या तांदळात खडे तसेच. मी मागून हळूच पुन्हा निवडायचे. गोधडीला टाके घालायचे तर म्हणायच्या, "धाकटे, तू घाल. तुजा हात बसू दे." माझा हात बसून बसून झिजायला आला होता. अंगणात कुणी आलं की आधी बोलायच्या नाहीत, समोरचा बोलला की मग नावानं हाक मारायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नवऱ्याला ओट्यावर बसलेला त्यांनी बघितला होता, आणि त्यांना तिथं बसायचं नव्हतं. घरात सून विचारल्याशिवाय मीठ घेत नाही तोवरच सासू. मला ते कळे, म्हणून मी गप्प राहत असे.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी भूगावला आत्याबाईंच्या भाचीच्या लेकाचं बारसं होतं. आम्ही दोघी एसटीनं गेलो. यायचं भावजींच्या गाडीतून ठरलं होतं, कारण ते हैबतरावांसाठी पुण्याहून पेंड घेऊन परतणार होते. घुगऱ्या, मानपान, एकमेकींची विचारपूस, ह्यात उशीर झाला. गाडी आली तेव्हा ऊन डोंगरामागं गेलेलं. आत्याबाई पुढं लेकाशेजारी बसल्या, मांडीवर बोचकं. मी मागं, हैबतरावांच्या पेंडीच्या पोत्यांपाशी.

भुकूम मागं पडलं तसा अंधार दाटला. थंडीचे दिवस, ओढ्यावरून धुकं वर चढत होतं. भावजींनी दिवे लावले. पुढचा रस्ता उजळला. ह्याआधी मी त्या गाडीत रात्रीची बसले होते. तेव्हा मीटरचा पिवळा उजेड भावजींच्या हनुवटीवर पडायचा, मला मागून दिसायचा. त्या दिवशी हनुवटी काळी होती. पत्रा काळा होता. काही म्हणजे काही नव्हतं.

भावजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, पण आवाज सहज नव्हता.

"आई, म्होरं मीटरचा दिवा हाय, त्यो दिसतोय का तुला?"

आत्याबाई म्हणाल्या, "दिसतोय की. लख्ख दिसतोय."

माझ्या हातातलं पेंडीच्या पोत्याचं टोक सुटलं. भावजींचे चाकावरचे हात घट्ट झाले. त्यांनी एक श्वास घेतला तो मला मागं ऐकू आला. म्हातारी आई, तिला दिसतोय. मला नाही. त्यांच्या बाजूनं हिशोब तिथं संपला होता.

आणि माझ्या बाजूनं तो तिथंच सुरू झाला. रत्नाबाईनं सांगितलेलं एका हाताला, तांदळातले खडे दुसऱ्या हाताला. दोन्ही माझ्याकडंच. मी बोलले तर सासूला तोंडावर आंधळी म्हटल्यासारखं, तेही तिच्या लेकासमोर, तेही ज्याच्याशी मी कधी बोलले नाही त्याच्याशी. नाही बोलले तर उद्या भावजी गाडी सोडणार. मला वाटलं, आई आहे, तीच बोलेल. जरा वाट बघू.

पिरंगुटचा घाट लागला. आता लहान वाटतो, तेव्हा रस्ता अरुंद होता, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल. गाडीच्या पाण्याच्या टाकीला गळती होती, चढाला ती तापायची, म्हणून चढावर पाण्याच्या काट्यावर नजर ठेवावी लागे. भावजी दर वळणाला मान खाली घालून पत्र्याकडं बघत होते आणि पुन्हा रस्त्याकडं.

"आई, उजव्या अंगाचा काटा. मधी हाय का वर गेलाय?"

"मधीच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तू गाडी हाक."

तापलेल्या लोखंडाचा वास यायला लागला होता. मी पुढं वाकून आत्याबाईंच्या कानाशी म्हटलं, "आत्याबाई, दिवा..." त्यांचा हात बाकाच्या फटीतून मागं आला आणि माझ्या गुडघ्याला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. दिसत नसलं तरी गुडघा बरोबर सापडला त्यांना.

भावजी बोलायला लागले. आईशीच, पण समोर बघत.

"आई, उद्या सकाळी किल्ली मालकांच्या म्होरं ठेवणार हाय. ही शेवटची खेप. आबाचं झालं त्येच माजं झालंय. रत्नाला ठाऊक हाय. तू मनाला लावून घिऊ नगं."

आत्याबाईंच्या बांगड्या बोचक्यावर हलत होत्या त्या थांबल्या. मी वाट बघितली. एक वळण गेलं. दुसरं गेलं. म्हातारी बोलेना. तिचं मन त्या वेळी कुठं होतं ते मला आज कळतं, आज माझेही डोळे तसेच झालेत. पण तेव्हा मला तिचा राग आला.

तेवढ्यात भावजींनी गचकन ब्रेक दाबला. मी पुढच्या बाकावर आपटले. मला तर समोर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. मग धुक्यातून बैलांची शिंगं निघाली, मग जू, मग पेंढ्यानं लादलेली गाडी. कंदील नाही, घुंगरू नाही, गाडीवान पेंढ्यावर झोपलेला. भावजींनी आमची गाडी दरडीला चिकटवली. पेंढा खिडकीला घासत गेला. बैल आपल्या वाटेनं उतरून गेले, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

गाडी तिथंच बंद पडली. नाकातून वाफ फुसफुसत वर आली. भावजींनी चाकावर कपाळ टेकलं.

"बघितलंस," ते म्हणाले. "काटा वर गेला आन मला कळलं न्हाई. आज तुमाला दोघींना घालवलं असतं."

आणि मला एकदम लक्षात आलं की ती शिंगं मला दिसायच्या कितीतरी आधी त्यांना दिसली होती. माझे डोळे तेव्हा धडधाकट होते. घारीसारखे होते. मग आंधळं कोण?

मी पदर कपाळापर्यंत ओढला. थोरल्या दिराला काही सांगायचं तर भिंतीकडं बघून सांगायचं, पण भिंत तिथं नव्हती, आणि आत्याबाईंना सांगून उपयोग नव्हता. मी भावजींच्या पाठीकडं बघून म्हटलं,

"भावजी, दिवा लागलेलाच न्हाई. तुमचे डोळे चांगले हायेत."

भावजींनी मान वळवली नाही, मागं बघितलं नाही. रीत त्यांनीही पाळली. पण कपाळ चाकावरून उचललं.

"आई लख्ख म्हणती," ते हळूच म्हणाले.

"मला न्हाई दिसत," मी म्हटलं. "सगळा पत्रा काळा हाय."

मग वाकून, काटा जवळून बघायचा म्हणून, त्यांनी डावा पंजा मीटरच्या पत्र्यावर टेकवला. आणि पिवळा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला.

"लागला," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला. उजेड गेला.

"गेला."

पुन्हा हात टेकवला. "आता?"

"लागला."

"आता?"

"गेला."

असं त्यांनी किती वेळा केलं कुणास ठाऊक. त्यांना दिसायचं तेव्हाच मला दिसायचं, त्यांना दिसेनासं व्हायचं तेव्हाच मला दिसेनासं व्हायचं. एकदा त्यांनी मला फसवायला हात टेकवल्यासारखं केलं आणि टेकवला नाही. मी म्हटलं, "न्हाई लागला." तेव्हा कुठं त्यांचे खांदे खाली आले. हात दाबला की लागतो, सोडला की जातो. गोठ्याजवळ वाकून बघताना ते हात टेकवून बघायचे, म्हणून तिथं दिसायचा. रस्त्यात दोन्ही हात चाकावर, म्हणून जायचा.

मग ते खाली उतरले. वाफ ओसरेपर्यंत पत्र्याखाली चाचपत राहिले. एका स्क्रूशी नख लावलं आणि निळ्या रंगाची खपली निघाली. ती बोटावर घेऊन ते तसेच उभे राहिले. दिव्याला एक तार वीज आणून देते, आणि परत जायची वाट म्हणजे गाडीचं उघडं लोखंड. त्या वाटेला कारखान्यातली माणसं अर्थ म्हणत, इंग्रजीतला शब्द. बल्बाची बैठक रंगलेल्या पत्र्यावर बसवली होती. लोखंडाला लोखंड भिडतच नव्हतं, मधे दाराचा रंग. दाबलं तर कुठंतरी टेके, सोडलं की सुटे. तार चांगली, बल्ब चांगला, फ्यूज चांगला, आणि दिवा नाही.

"अर्थ मिळत न्हाई त्याला," भावजी आईला समजावून सांगायला लागले. "एवढंच हाय आई. बाकी समदं नीट हाय. नुसता अर्थ मिळत न्हाई."

आत्याबाई एवढा वेळ बोचक्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या,

"माज्या बोलण्याला बी न्हवता, जयशिंगा. मला दिवा दिसत न्हाई. काटा बी दिसत न्हाई. तुजं तोंड बी दिसत न्हाई, वर्सं झाली."

भावजी दाराशी येऊन उभे राहिले. माझा तर बोलायचा हक्कच संपला होता. आत्याबाईच पुढं म्हणाल्या, "तू किल्ली देतो म्हनलास तवा बोलणार हुते. जीभ उचलली न्हाई. मला ओट्यावर बसवू नगा."

"ओट्यावर कशाला," भावजी म्हणाले. "आबाचं येगळं हुतं, तुजं येगळं. मोतीबिंदू काढत्यात आता पुन्यात. मी आणलीत की माणसं तितनं, डोळ्याला पट्टी बांधलेली." मग आवाज बदलून म्हणाले, "पण आई, काटा मधी हाय म्हणून सांगितलंस ते कुटनं काढलंस?"

"मधी सांगितलं की कुणी भांडत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

भावजी हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत.

भावजींनी डिकीतून तारेचा तुकडा काढला, एक टोक बल्बाच्या बैठकीला गुंडाळलं, दुसरं पत्र्यामागच्या एका उघड्या लोखंडी पट्टीला अडकवलं. दिवा लागला आणि कुणी हात न लावता लागून राहिला. टाकी निवल्यावर डब्यातलं पाणी ओतलं. घाट उतरताना त्यांनी आईला काही विचारलं नाही. मलाही नाही. पुटपुटत होते ते गाडीशीच.

दुसऱ्या दिवशी बाजारचा वार. सकाळी आम्ही दोघी जावा चुलीपाशी होतो, आणि गोठ्याकडून खरवडल्याचा आवाज येत होता. भावजी मोडक्या विळ्याच्या टोकानं पत्र्यामागचा रंग काढत होते, जिथं जिथं स्क्रू बसतो तिथं तिथं, आतलं पांढरं लोखंड दिसेपर्यंत. रत्नाबाईला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, किल्ली द्यायच्या आधी माणूस गाडीची शेवटची सेवा करतोय. ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. मी सांगणार तेवढ्यात भावजींनीच तिला हाक मारली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. "रत्ना, सुई-दोरा आण." तिनं नेऊन दिला. त्यांनी उजेडात सुई हातभर लांब धरली, डोळे बारीक केले, दोरा ओवला आणि ओवलेली सुई तिच्या हातात दिली.

मग ते हैबतरावांकडं गेले. आम्ही वाट बघत बसलो, कारण झालं गेलं सगळं मालकांना सांगणार असं ते म्हणाले होते, आणि मालक काय म्हणतील त्याचा नेम नव्हता. ते परत आले तेव्हा किल्ली बोटात फिरत होती. हैबतरावांना डोळ्यांचं ऐकून काही वाटलं नव्हतं. त्यांचा निळा रंग खरवडला ह्याचाच राग आला होता. रंगानं दिवा जातो हे त्यांना पटतच नव्हतं. म्हणाले, बैलाची शिंगं रंगवली तर बैल आंधळा होतो का? भावजींनी त्यांना गाडीत बसवून, बल्बाची बैठक रंगावर टेकवून आणि उघड्या लोखंडावर टेकवून दाखवली. तरी म्हणाले, पुढच्या दसऱ्याला बघू.

पौषात भावजींनी आत्याबाईंना पुण्याला नेलं. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता, दुसऱ्याला वेळ होता. मी सोबत राहिले. पट्टी सोडली तेव्हा त्यांनी आधी खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "एवढी वाळलीस कधी? घरात कुणी खायला घालत न्हाई का?" मग त्यांनी लेकाला जवळ बोलावलं, त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि हात काढून घेऊन नुसत्या डोळ्यांनी बघितलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी भावजींचेही डोळे तपासले. आबांचं त्यांच्यात काही नव्हतं. चाळिशीचा चष्मा तेवढा लागला होता, वाचायला आणि सुई ओवायला. तो त्यांनी घेतला, पण हैबतराव दिसले की खिशात घालायचे. गाडी त्यांनी पुढं पुष्कळ वर्षं हाकली, त्या गाडीनंतर दुसरी, दुसरीनंतर एक जीप. केस पांढरे झाल्यावर आपणहून थांबले. त्या दिवशी मालकांच्या म्होरं किल्ली ठेवून घरी चालत आले, आणि रत्नाबाईला म्हणाले, चहा टाक.